बंबवाले

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात ज्याला सगळे बंबवाले म्हणतात, तो जन्माने बंबवाले नाही. खरं आडनाव चिपळूणकडचं, शेवटी ‘कर’ असलेलं. घरामागच्या अंगणात त्याने हॉट टब बसवला आणि महिन्याभरात कुणा टवाळाने हे नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा एकदा त्याच नावाने फाडली गेली. तो रागावला नाही. पावतीची घडी खिशात घातली आणि म्हणाला, चूक तांत्रिक आहे. बंबात पाणी तापवतात आणि संपवतात. टबातलं पाणी तापवायचं, पण संपवायचं नाही, सांभाळायचं.

वस्तू वापरायला घेणारे वेगळे आणि वस्तू सांभाळायला घेणारे वेगळे. बंबवाले दुसऱ्या पंगतीतला. साधी इस्त्री घ्यायची असली तरी आधी तीन आठवडे अभ्यास. नोकरी एका औषध कंपनीत, क्वालिटी विभागात. न्यू जर्सीत औषध कंपन्यांना तोटा नाही आणि त्यांच्या क्वालिटीत एखादा मराठी माणूस हटकून सापडतो. दुसऱ्याची चूक शांतपणे दाखवून देण्याचा पगार मिळतो हे आपल्या लोकांना मानवतं. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्याला संध्याकाळी विश्रांती म्हणून स्वतःच्या नोंदी लागतात. आधी त्याने पाव भाजायचं यंत्र घेतलं आणि पिठातल्या पाण्याचं प्रमाण लिहून ठेवलं. मग दुर्बीण आली. शनीची कडी एकदाच पाहिली, भिंगं मात्र दर रविवारी पुसली. दोन्ही वस्तू गॅरेजात आहेत, स्वच्छ, झाकलेल्या, चालू स्थितीत. उसन्या मिळत नाहीत.

टबाला निमित्त झालं कंबरेचं. पन्नाशी उलटली आणि बंबवाल्याची कंबर धरू लागली. डॉक्टरने सांगितलं, रोज अर्धा तास चाला, वजन उतरवा, गरम पाण्याने शेका. तिन्हींपैकी ज्या उपायात काही विकत घेता येत होतं तेवढाच त्याच्या लक्षात राहिला.

त्या हिवाळ्यात त्याच्याकडे जेवायला जाणं म्हणजे मसालेभाताबरोबर जकुझी घराण्याचा इतिहास ऐकणं. तो ऐकण्यासारखा आहे, म्हणून सांगतो. उत्तर इटलीतल्या वाल्वासोने गावचे सात भाऊ कॅलिफोर्नियात बर्कलीला येऊन राहिले. आधी विमानाचे पंखे करायचे, मग बंदिस्त केबिनचं आख्खं विमानच केलं. १९२१ मध्ये ते कोसळलं, त्यात एक भाऊ गेला. विमानांचा नाद सुटला आणि भाऊ विहिरीवरच्या पंपांकडे वळले. पुढे धाकट्या कँडिडोच्या मुलाला अगदी लहानपणी संधिवात जडला. इस्पितळात पाण्याच्या धारांनी शेकलं की पोराला बरं वाटे. घरी आलं की पुन्हा दुखणं. पंपवाल्या बापाने मग घरच्याच टबात सोडता येईल असा छोटा पंप केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉयने या धारा टबाच्या भिंतीतच बसवल्या. त्याच काळात सांता बार्बराकडची मंडळी वाइनच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून उघड्यावर बसू लागली होती. पंप आणि पिंप यांची गाठ पडली आणि आजचा हॉट टब झाला.

बंबवाले हे सांगताना विमान कोसळतं तिथे डाव खाली ठेवतो आणि मुलाचा आजार येतो तिथे चष्मा पुसतो. पण त्या बापाने पंप केला तो पोराला पाण्यात सुखाने बसता यावं म्हणून, हे त्याच्या नजरेतून निसटलं असावं. पंपाची वही ठेवायला त्याने पंप केला नव्हता.

इथे टब विकत घेण्याआधी त्यात बसून पाहता येतं. दुकानात एकदोन टब भरून, तापवून तयार असतात. वेळ ठरवायची, पोहण्याचे कपडे घेऊन जायचं आणि पडद्याआड उतरायचं. बहुतेक गिऱ्हाइकं लाजतात आणि नुसता हात बुडवून परत येतात. बंबवाले लाजला नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी भर दुपारी, हायवेवरच्या दुकानात तो अर्ध्या चड्डीवर पाण्यात उतरला. वहिनी कोट न काढता, पर्स मांडीवर घट्ट धरून समोरच्या खुर्चीवर बसल्या. मला दुसरं मत देण्यासाठी नेलं होतं, म्हणजे टॉवेल धरायला.

सेल्समन म्हणाला, या टबाला बेचाळीस जेट आहेत. बंबवाल्याने पाण्यातूनच विचारलं, पंप किती? आणि एकेक पंप मिनिटाला किती गॅलन पाणी ढकलतो? भोकं काय, कितीही पाडता येतील. ढकलणारं पाणी तेवढंच असलं तर जितकी भोकं जास्त तितकी प्रत्येक धार मरतुकडी. हे खरंच आहे. जेटच्या आकड्याला भुलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. सेल्समनच्या चेहऱ्यावर तेव्हा जी कळा आली ती मी मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदाराच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे. तिथेही प्रश्न विचारणारा हाच असतो.

मग लाउंजरचा विषय निघाला. लाउंजर म्हणजे टबात पाय पसरून पडायची जागा. जाहिरातीत ती फार मोहक दिसते. प्रत्यक्षात बुटकं आणि हलकं माणूस तिथे ठरत नाही. पाणी त्याला उचलतं, पाय वर येतात आणि विश्रांतीचा सगळा वेळ काठ धरून ठेवण्यात जातो. सेल्समनने हे प्रामाणिकपणे सांगितलं. वहिनींची उंची जेमतेम पाच फूट. बंबवाल्याने त्यांच्याकडे एकवार पाहिलं, मनात काही गणित केलं आणि लाउंजरवालाच टब पसंत केला, कारण त्याचं इन्सुलेशन सरस होतं. आजही वहिनी त्या जागेवर बसल्या की एका हाताने काठ धरतात आणि दुसऱ्या हाताने कोणी बसवलं त्याच्याकडे बोट दाखवतात.

किंमत साडेअकरा हजार डॉलर, आणि फक्त आजच्या दिवसापुरती हजाराची सूट. बंबवाले त्या ‘आजच्या दिवसा’ला लागोपाठ चार शनिवार जाऊन आला. सूट दर वेळी जागेवर होती.

पैसे भरले की वस्तू आपली झाली असं वाटणाऱ्याने अमेरिकेत घर घेऊ नये. टाउनशिपचा परवाना, वसाहतीच्या कमिटीची संमती, कुंपणापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा, झाकणाला कुलूप आहे याचा दाखला. टबात ४०० गॅलन म्हणजे सुमारे १५०० लिटर पाणी मावतं. नुसतं पाणीच दीड टन; टबाचं आणि आत बसणाऱ्या सहा जणांचं वजन धरलं तर दोन टनांच्या पुढे. खाली काँक्रीटचा चौथरा हवा. २४० व्होल्टची, ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन हवी आणि ती बंद करायचा खटका टबापासून किमान पाच फूट लांब, पण टबाजवळून दिसेल असा हवा. खणण्याआधी ८११ या नंबरवर फोन करावा लागतो. मग माणसं येऊन जमिनीखालून काय काय गेलंय ते पाहून झेंडे रोवतात: विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. बंबवाल्याने अंगणभर रोवलेल्या झेंड्यांचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कार्यक्रम कसला आहे आणि जेवण आहे का, अशी विचारणा झाली.

टब बाजूच्या फाटकातून जाईना म्हणून क्रेन आली. घराच्या छपरावरून तो पलीकडे उतरवताना दोन्ही बाजूंचे शेजारी रस्त्यावर उभे होते. बंबवाले खाली दोन्ही हात वर करून, चुकून सुटला तर झेलायच्या तयारीत. वहिनींनी क्रेनचं बिल पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला. मग नारळ फोडायचा होता. टबाच्या काठावर नारळ आपटल्यास वॉरंटी जाते का, हे त्याने आधी वाचून ठेवलं होतं. चौथऱ्याच्या कोपऱ्यावर फोडला, तोही टबाला झाकण घालून.

पाणी भरण्याचीही रीत आहे. नळी नुसती टबात सोडायची नाही, फिल्टर बसतो त्या खोलगट जागेत सोडायची, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. थंडगार पाणी १०४ फॅरनहाइटला, म्हणजे ४० सेल्सिअसला न्यायला रात्र जाते. त्याच्या वर हे टब जात नाहीत, कारण त्याहून गरम पाण्यात माणसाला भोवळ येऊ शकते. रात्रभर बंबवाल्याच्या खेपा चालू होत्या. पहाटे आकडा लागला तशी त्याने वहिनींना हाक मारली. त्या स्वेटर चढवून बाहेर आल्या, कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, “छान झालंय रे. उतरू?”

तो म्हणाला, “थांब. अजून क्लोरीन बसलेलं नाही.”

इथून पुढे खरा बंबवाले सुरू होतो. टबाच्या पाण्याची प्रकृती फार नाजूक. पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे राहिला पाहिजे. अल्कलिनिटी ८० ते १२०. क्लोरीन तीनच्या खाली उतरता कामा नये. आधी अल्कलिनिटी नीट करायची, मग पीएच. उलट गेलात तर दोन्ही हातचे जातात. अल्कलिनिटी वाढवायला आपला खायचा सोडा चालतो. बंबवाल्याकडे तो मोठ्या पिशवीत असतो, आणि वहिनींनी ढोकळ्यासाठी त्यातून चमचाभर घेतला तर वहीत नोंद होते. आठवड्याला फिल्टर काढून धुवायचा. अधूनमधून पाण्याला ‘शॉक’ द्यायचा, म्हणजे साचलेली घाण जाळणारी पूड घालायची. तीन-चार महिन्यांनी सगळं पाणी सोडून देऊन पुन्हा पहिल्यापासून.

यातला सगळ्यात मोठा विनोद निसर्गाचा आहे. जेट चालू केले, पाणी खळाळलं, बुडबुडे आले की पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. म्हणजे टबात मजा केली की आकडे बिघडतात. कुणी न बसता झाकण लावून ठेवला तर आकडे सुरेख राहतात. पहिल्याच महिन्यात हे बंबवाल्याच्या ध्यानात आलं आणि मजा आणि आकडे यांत तो कुणाच्या बाजूचा हे कायमचं ठरलं.

पाहुण्यांकडे तो तेव्हापासून निराळ्या नजरेने पाहतो. माणूस म्हणजे घाम, अंगाचं तेल, डिओडरंट, केसांतलं जेल आणि कपड्यांत राहिलेला साबण. हे सगळं क्लोरीन खातं. त्यामुळे बंबवाल्याकडे टबाचं आमंत्रण आलं की सोबत सूचना येतात. आधी घरातल्या शॉवरखाली आंघोळ. पोहण्याचे कपडे साबणात न धुतलेले, नुसते पाण्यात खळबळलेले, नाहीतर फेस होतो. तेल लावलेलं डोकं पाण्यात बुडवायचं नाही. दारू घेऊन उतरायचं नाही. रक्तदाबाची गोळी कोण घेतं ते आधी सांगायचं. आमच्या वयाच्या मंडळात तो प्रश्न विचारला की सगळेच हात वर होतात. मग पंधरा मिनिटांची वेळ लागते. एकदा एक जण पाठीवर धार घेत डोळे मिटून “आहाहा” म्हणाला, तेव्हा बंबवाल्याने घड्याळ पाहिलं.

त्याच दिवशी कुणीतरी नाक मुरडून म्हणालं, “क्लोरीनचा वास फार येतोय रे. कमी घालत जा.”

बंबवाले याच वाक्याची वर्षभर वाट पाहत असावा. त्याने शांतपणे समजावलं की नुसत्या क्लोरीनला एवढा वास नसतो. ते घामाशी, लघवीशी संयोग पावलं की जी क्लोरामाइन्स तयार होतात, त्यांचा हा वास. वास आला म्हणजे क्लोरीन कमी पडलं. “तेव्हा हा वास क्लोरीनचा नाही,” तो म्हणाला, “तुमचा आहे.” त्यानंतर बरेच दिवस पाहुणे आले नाहीत आणि पीएच ७.४ वर स्थिर राहिला.

त्याची काळजी अगदीच खुळचट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. झाकणाखालची ऊब जंतूंनाही आवडते. हयगय झाली तर अंगभर पुरळ उठतं, आणि लिजनेलासारखा जंतू पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात शिरला तर न्यूमोनियापर्यंत पाळी येते. शिस्त हवीच. किती हवी, हा वाद आहे, आणि त्या वादाचं उत्तर त्याच्या शेजारीच राहतं.

शेजारी आहेत एक निवृत्त ट्रकवाले आजोबा. त्यांचा टब वीस वर्षांचा, झाकणावर चिकटपट्ट्या. वही नाही, पाणी तपासायच्या पट्ट्या नाहीत. रात्री जेवण झालं की येतात, डब्यातून अंदाजाने क्लोरीन टाकतात, बेसबॉलचा सामना रेडिओवर लावतात आणि मानेपर्यंत पाण्यात जातात. बंबवाल्याला त्यांची फार चिंता वाटायची. एकदा त्यांनी बोलावलं तेव्हा याने बोलता बोलता हळूच पट्टी बुडवून पाहिली. सगळे आकडे बरोबर. त्या रात्री त्याला झोप लागली नाही असं वहिनी सांगतात.

मे महिन्यात चिपळूणहून त्याच्या आई, म्हणजे आमच्या काकू, आल्या. सहा महिने राहायच्या होत्या. काकूंना मुलाने कौतुकाने टब दाखवला. झाकण उघडलं, वाफ आली, खाली निळा दिवा लागला.

“एवढं पाणी तापवतोस होय रे? रोज?”

“रोज नाही आई. तेच असतं. तीन-चार महिने.”

काकूंनी वाफेकडे पाहिलं. “म्हणजे परवा ती तुझी मित्रमंडळी बसून गेली, तेच?”

“फिल्टर होतं ना. क्लोरीन असतं. ओझोनपण आहे.”

“असू दे. पण तेच ना?”

त्याने विषय बदलून सूचना सांगायला घेतल्या. काकू नीट ऐकत होत्या.

“उतरायच्या आधी आंघोळ करायची?”

“हो.”

“आणि बाहेर आल्यावर?”

“परत एकदा. क्लोरीन धुऊन जायला.”

“मग ही मधली कशाला?”

क्वालिटीत वीस वर्षं काढलेल्या माणसाजवळ याचं उत्तर नव्हतं. काकूंनी मग संगमेश्वराजवळच्या तुरळ-राजवाडीचं नाव काढलं. तिथे जमिनीतूनच गरम पाणी येतं, कुंडात पडतं आणि पुढे वाहून जातं. पिढ्यान्‌पिढ्या लोक गुडघे शेकून येतात, कुणाला झाकण लावावं लागत नाही. टब रिकामा करायच्या आठवड्यात बंबवाल्याने त्यांना खुश करायला सांगितलं की हे पाणी फुकट जात नाही. चार दिवस क्लोरीन न घालता ते उतरू दिलं की बागेला सोडता येतं. काकू म्हणाल्या, “गवताला सोड. माझ्या कढीलिंबाजवळ आणू नकोस.”

त्या सहा महिन्यांत त्या टबाकडे फिरकल्या नाहीत. आणि मग दिवाळी आली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्यू जर्सीत हात गारठतील अशी थंडी होती. नात कॉलेजातून दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. काकू चारला उठल्या. बाहेर अंधार, थंडी, घरात सणाचा दिवस आणि अंगणात दीड टन कढत पाणी, हे पाहून त्यांच्या मनातला सगळा विटाळ एकदम गळून पडला असावा. पहिल्यांदाच त्यांना त्या वस्तूचा उपयोग कळला. त्यांनी पोरींना रांगेत बसवून तिळाचं तेल चोळलं, वहिनींनाही चोळलं, वर इंडियन स्टोअरमधून आणलेलं सुगंधी उटणं लावलं आणि सगळ्यांना टबात घातलं. कारिट इथे कुठून मिळणार. छोट्या काकडीवर भागवलं, ती त्यांनी स्वतः डाव्या पायाने चौथऱ्यावर फोडली. मग पोरींपैकी कुणीतरी मोती साबणाची वडी आत नेली, आणि कुणीतरी सगळे जेट एकदम चालू केले.

बंबवाले हसण्याच्या आवाजाने जागा होऊन खाली आला तेव्हा फेस काठावरून चौथऱ्यावर ओघळत होता आणि फेसाखालचं पाणी पिठल्याच्या रंगाचं झालं होतं. काकू पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत पाय आत सोडून, काठाला ठेवलेल्या ताटातून एकेकीला ओवाळत होत्या. वहिनी लाउंजरवर होत्या; तेलामुळे नेहमीपेक्षा जास्तच वर आल्या होत्या. तो काही बोलला नाही. सवयीने खिशातली पट्टी काढून बुडवली. पट्टीवर जो रंग उमटला तो बाटलीवरच्या तक्त्यात नव्हता.

“उतर ना रे,” वहिनी म्हणाल्या.

तो आत गेला आणि टेनिसचे चेंडू घेऊन आला. चेंडूची लव पाण्यावर तरंगणारं तेल शोषून घेते, टबवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. साधारण एक चेंडू पुरतो. त्याने आठ सोडले. पोरी ते एकमेकींना फेकून मारू लागल्या.

नंतरचे तीन दिवस नळ्या धुण्यात गेले. फिल्टर रात्रभर औषधात बुडवूनही पिवळे ते पिवळेच राहिले, नवे आणावे लागले. वहीत त्या तारखेला एकच ओळ आहे, ती वहिनींनी मला दाखवली: ‘पाणी बदलले. कारण: दिवाळी.’

एवढ्या वर्षांत बंबवाल्याला त्या पाण्यात निवांत बसलेलं मी पाहिलेलं नाही. तो उतरतो, पण एक डोळा थर्मामीटरवर असतो. एकदाच तो खरोखर बसला, तेही वहिनींच्या तोंडून कळलं. जानेवारीत बर्फाचं वादळ झालं आणि वीज गेली. टबाला हीच मोठी भीती; पंप बंद, बाहेर उणे तापमान, नळ्यांत पाणी गोठलं तर टब फुटतो. बंबवाल्याने घरातल्या सगळ्या सोलापुरी चादरी नेऊन टबावर घातल्या. घरात हीटर नाही, अंगावर घ्यायला चादर नाही, वहिनी आणि मुलगी कोट घालून कुडकुडत बसलेल्या. मध्यरात्री मुलीच्या डोक्यात प्रकाश पडला की सगळ्या घरात गरम अशी एकच जागा आहे. बंबवाले झाकण उघडू नका, ऊब जाईल, म्हणून ओरडत होता, तोवर दोघी मानेपर्यंत आत होत्या. मग थंडीने तोही उतरला. वीज नाही म्हणून जेट बंद. जेट बंद म्हणून बुडबुडे नाहीत. बुडबुडे नाहीत म्हणून पीएच चढायची भीती नाही. अंधारात पट्टीचे रंगही दिसत नव्हते. वहिनी म्हणतात, तो चक्क गाणं गुणगुणत होता.

कंबर आता पुष्कळ बरी आहे. श्रेय बंबवाले टबाला देतो. डॉक्टरने फोनमधली पावलं पाहिली आणि श्रेय चालण्याला दिलं. पाणी बघायला, झाकण बघायला, पाऊस आत जात नाही ना ते बघायला दिवसरात्र ज्या खेपा होतात त्यांचा अर्धा तास सहज भरतो.

टबाला सहावं वर्ष चालू आहे आणि मागच्या महिन्यात झाकण बदललं. या झाकणांच्या आत फोम असतो. नवं असताना एकट्याने उचलता येतं, पण वर्षानुवर्षं खालून वाफ पिऊन फोम पाण्याने भरतो आणि झाकण इतकं जड होतं की दोघांना हलत नाही. जुनं झाकण गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. वहिनींना गाडी आत लावता येत नाही. बंबवाले ते टाकून द्यायला तयार नाही, पण चांगल्या घरी जाणार असेल तर फुकट द्यायला राजी आहे. कुणाला हवं असल्यास मंडळाकडे नाव द्यावं. येताना चार माणसं आणि व्हॅन आणावी, आणि कशासाठी हवं आहे ते लेखी आणावं.